मूक नायक, न ऐकणारा खेळ : भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील नायकाच्या वाणीचा प्रश्न

सारांश

भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील नायक मूक असावा की त्याला ध्वनिमुद्रित आवाज असावा, याविषयी खेळाडू, निर्माते आणि समीक्षक यांच्यात दीर्घकाळ मतभेद आहेत. प्रस्तुत निबंधात काही जपानी व पाश्चात्त्य खेळ, विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक आणि पुण्यात निर्माण झालेला 'राजी' हा खेळ यांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. नायकाला आवाज आहे की नाही यापेक्षा त्याच्या म्हणण्याची दखल खेळातील जग घेते की नाही, ही कसोटी अधिक मूलगामी आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. मराठीत असे खेळ लिहिताना क्रियापदाचे लिंग, संबोधन आणि बोली यांमुळे या प्रश्नाला जे वेगळे परिमाण प्राप्त होते, त्याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : भूमिकाप्रधान खेळ, मूक नायक, सवाक नायक, मराठी नाटक, बोली.

प्रस्तावना

'रोल-प्लेइंग गेम' म्हणजे खेळाडूने एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारून, त्या पात्राच्या वतीने निर्णय घेत कथा पुढे नेण्याचा खेळ. या प्रकाराचा उगम संगणकावर झालेला नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा तो टेबलाभोवती बसून, तोंडी खेळावयाचा खेळ होता. प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राच्या वतीने स्वतः बोलत असे आणि सूत्रधाराची जबाबदारी घेतलेली व्यक्ती त्याला उत्तर देत असे. म्हणजे बोलणे आणि ऐकले जाणे या दोन्ही क्रिया या खेळाच्या मुळाशी आहेत.

सूत्रधाराची जागा संगणकाने घेतली तेव्हा परिस्थिती पालटली. संगणकाला खेळाडूचे मुक्त संभाषण समजत नव्हते. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेला 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ अवघ्या ६४ किलोबाइटमध्ये सामावलेला होता. त्यात गावकरी, राजा, राजकन्या हे सर्व बोलतात. नायकाच्या वाट्याला मात्र बहुतांशी 'होय' आणि 'नाही' एवढेच दोन शब्द येतात. नायकाच्या मौनाचा आरंभ असा काही अंशी तांत्रिक मर्यादेतून झाला. पुढे मर्यादा दूर झाल्या तरी मौन टिकून राहिले, कारण दरम्यान त्याला सौंदर्यशास्त्रीय समर्थन मिळाले होते : नायक बोलला नाही तर खेळाडू त्याच्या ठायी स्वतःला पाहू शकतो.

हे समर्थन कितपत ग्राह्य आहे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

दोन परंपरा

मूक नायकाच्या परंपरेत 'ड्रॅगन क्वेस्ट'नंतर 'क्रोनो ट्रिगर' (१९९५) या खेळाचा उल्लेख करावा लागतो. पाश्चात्त्य खेळांत 'फॉलआउट ३' (२००८) आणि 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' (२००९) यांतील नायकांची वाक्ये पडद्यावर लिहिलेली दिसतात, खेळाडू त्यांतून निवड करतो, परंतु ती उच्चारली जात नाहीत. याउलट 'फायनल फँटसी १०' (२००१) या खेळाने त्या मालिकेत प्रथमच पात्रांना ध्वनिमुद्रित आवाज दिला आणि त्याचा नायक टीडस आपली कथा स्वतः सांगू लागला. 'मास इफेक्ट' (२००७) मध्ये शेपर्ड या नायकासाठी मार्क मीर आणि नायिकेसाठी जेनिफर हेल यांचे आवाज वापरण्यात आले. पोलिश लेखक आंद्रे सापकोव्स्की यांच्या कथासृष्टीवर आधारलेल्या 'द विचर' (२००७) मधील गेराल्ट हाही बोलका नायक आहे.

या दोन परंपरांतील भेद केवळ आवाजाचा नाही. टीडस आणि गेराल्ट यांना स्वतःचे पूर्वायुष्य, स्वभाव आणि मते आहेत. खेळाडू त्यांचा सोबती होतो. मूक नायकाच्या बाबतीत मात्र 'हा मीच' अशी कल्पना करण्याची मुभा खेळाडूला मिळते. कादंबरीच्या परिभाषेत सांगावयाचे तर पहिल्या प्रकारात वाचक नायकाची हकीकत ऐकतो आणि दुसऱ्या प्रकारात वाचकाच्या हाती कोरी वही दिली जाते. दोन्ही प्रकारांना स्वतःचे सामर्थ्य आहे. अडचण येते ती एकाची आश्वासने दुसऱ्याच्या साधनांनी पुरी करण्याचा प्रयत्न होतो तेव्हा.

'फॉलआउट ४' (२०१५) हे याचे ठळक उदाहरण होय. या मालिकेची ख्याती खेळाडूला हवे ते पात्र घडविता येण्याबद्दल होती. चौथ्या मुख्य भागात नायक व नायिका या दोहोंसाठी प्रत्येकी सुमारे १३,००० ओळी ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. हा आकडा मोठा असला तरी त्याची किंमत निवडीच्या रूपाने मोजावी लागली. प्रत्येक संभाषणात बहुधा चारच पर्याय उरले आणि तेही दोनतीन शब्दांच्या संक्षिप्त रूपात. खेळाडू सौम्य नकार म्हणून एखादा शब्द निवडी, तर नायक तुसडेपणाने उत्तर देई. शिवाय पुरुष पात्र माजी सैनिक, स्त्री पात्र कायद्याची पदवीधर आणि दोघेही एका मुलाचे पालक, हे सर्व आधीच ठरलेले होते. आवाज आला आणि खेळाडूची भूमिका आक्रसली. त्याच संस्थेच्या 'स्टारफील्ड' (२०२३) या खेळात नायक पुन्हा मूक झाला, ही बाब बोलकी आहे.

मौनाचे दोन विग्रह

एवढ्यावरून मूक नायक श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो घाईचा ठरेल. 'ड्रॅगन क्वेस्ट'मधील एक प्रसंग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. नायकाने सोडविलेली राजकन्या त्याला प्रेमाविषयी विचारते. खेळाडूने 'नाही' असे उत्तर दिले तर ती तोच प्रश्न पुन्हा विचारते, आणि 'होय' म्हणेपर्यंत विचारत राहते. येथे नायकाला शब्द आहे, पर्याय आहे, आणि तरीही त्याच्या नकाराला अर्थ नाही. याच खेळाच्या अखेरीस दुष्ट ड्रॅगनराजा अर्धे जग देऊ करतो. तेथे 'होय' म्हणणाऱ्या नायकाचा सर्वनाश होतो. दोन्ही ठिकाणी नायक सारखाच मूक आहे. एका ठिकाणी खेळ त्याचे ऐकत नाही, दुसऱ्या ठिकाणी ऐकतो. यावरून मौन आणि परिणामशून्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते.

हा भेद मांडण्यासाठी मराठीला एक अत्यंत अर्थपूर्ण शब्द उपलब्ध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षस्थानी तुकारामांचा अभंग छापलेला असे. या सामासिक शब्दाचा विग्रह दोन प्रकारे करता येतो. 'मूक असा नायक' हा कर्मधारय, आणि 'मूकांचा नायक' हा षष्ठी तत्पुरुष. डॉ. आंबेडकरांना अभिप्रेत असलेला अर्थ अर्थातच दुसरा होय. ज्यांचे म्हणणे समाजव्यवस्था ऐकत नव्हती, त्यांच्या वतीने बोलणारा तो नायक. तेथील मूक माणसे वाणीहीन नव्हती. त्यांच्या वाणीला श्रोता नव्हता.

खेळातील मौनाची तुलना त्या ऐतिहासिक मौनाशी करणे अप्रस्तुत होईल. एक करमणुकीचा संकेत आहे, तर दुसरे शतकांच्या अन्यायाचे फलित आहे. परंतु या शब्दाने शिकविलेला विवेक येथे उपयोगी पडतो. मुकेपणा हा बोलणाऱ्याचा गुणधर्म नसून बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील संबंधाचा गुणधर्म असू शकतो. त्यामुळे 'नायक बोलतो का?' या प्रश्नाआधी 'खेळ ऐकतो का?' हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

'शांतता! कोर्ट चालू आहे' : मराठीतील एक भूमिकाखेळ

या प्रश्नाचे सर्वांत भेदक उत्तर मराठीत व्हिडिओ गेम अस्तित्वात येण्यापूर्वीच दिले गेले आहे. विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ मध्ये 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. सुलभा देशपांडे यांनी लीला बेणारे यांची भूमिका साकारली. स्त्रीचे शोषण, मध्यमवर्गीय दांभिकता, हिंसा या अंगांनी या नाटकाची पुष्कळ चर्चा झाली आहे. तथापि त्याची रचना भूमिकाखेळाची आहे, हे ध्यानात घेतल्यास त्यातील मौनाचा वेगळा अर्थ हाती येतो.

हौशी नटमंडळी प्रयोगापूर्वीचा वेळ घालविण्यासाठी आणि सामंत या गावकऱ्याला न्यायालयाची पद्धत समजावी म्हणून अभिरूप खटल्याचा खेळ मांडतात. काशीकर न्यायाधीश, सुखात्मे वकील, इतर साक्षीदार आणि बेणारे आरोपी. आरोप भ्रूणहत्येचा. भूमिका वाटून दिल्या आहेत, नियम ठरलेले आहेत, आणि खेळाडूने आपल्या भूमिकेत राहावयाचे आहे. भूमिकाप्रधान खेळाची सर्व लक्षणे येथे आढळतात.

आरंभी बेणारे ही नाटकातील सर्वांत बोलकी व्यक्ती आहे. ती थट्टा करते, गाते, इतरांच्या नकला करते. खेळात तिचे खरे आयुष्य शिरू लागते तसतशी ती अबोल होत जाते. ती खेळ सोडून जाऊ पाहते तेव्हा दाराला बाहेरून कडी लागलेली असते. 'शांतता!' ही न्यायाधीशाची आज्ञा प्रेक्षकांना हसविते. पण तीच आज्ञा आरोपीच्या वाणीवर घातलेले नियमांचे बंधन होऊन बसते. अखेरीस आरोपीला बोलण्याची संधी दिली जाते, आणि मराठी रंगभूमीवरील एक अविस्मरणीय स्वगत सुरू होते. त्या अवधीत रंगमंचावरील बाकीची माणसे निश्चल असतात. स्वगत संपते आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात निकाल दिला जातो.

येथे नायिका एकाच वेळी मूकही आहे आणि सवाकही. प्रेक्षकांच्या दृष्टीने ती भरभरून बोलते. खेळाच्या दृष्टीने तिने एक शब्दही उच्चारलेला नाही. ध्वनिमुद्रित हजारो ओळी असूनही ज्याच्या बोलण्याने कथेत फरक पडत नाही, असा सवाक नायक याच अवस्थेत असतो. त्याचा आवाज खेळाडूला ऐकू येतो, खेळातील जगाला नाही.

या नाटकात आणखी एक मौन आहे, तेही दुर्लक्षून चालणार नाही. प्रा. दामले हे पात्र रंगमंचावर येतच नाही. बेणारेच्या या अवस्थेला जो कारणीभूत आहे, त्याला एकही प्रश्न विचारला जात नाही. त्याचे मौन सुरक्षित आहे, कारण खेळाने त्याला भूमिकाच दिलेली नाही. बेणारेचे मौन लादलेले, तर दामल्यांचे मौन म्हणजे सवलत. मौनाला एकच एक मूल्य चिकटविता येत नाही, हे तेंडुलकरांनी या दोन पात्रांतून दाखवून दिले आहे. खेळांच्या समीक्षेत 'मूक नायक' ही सरसकट कोटी वापरताना हा धडा विसरला जातो.

'राजी' : नायिकेच्या वतीने कोण बोलते?

पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने तयार केलेला 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ २०२० मध्ये प्रकाशित झाला. काटेकोर वर्गीकरणानुसार तो भूमिकाप्रधान खेळ नसून साहसप्रधान खेळ आहे. तरीही महाराष्ट्रात घडलेला आणि जगभर खेळला गेलेला खेळ म्हणून, तसेच नायिकेच्या वाणीच्या दृष्टीने, त्याचा विचार येथे आवश्यक ठरतो.

राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. तिचा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात आणि त्याच्या शोधात ती महाबलासुराशी झुंजते. दुर्गा तिला शस्त्र देते. राजी पूर्णपणे मूक नाही. मात्र कथनाचा मोठा भार दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादावर आहे. मुलगी भिंतींवरून झेपावत असते आणि दोन देवता तिच्या धैर्याविषयी, भवितव्याविषयी, भोवतालच्या पुराणकथांविषयी बोलत असतात. काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत उलगडतात.

ही योजना आपल्या परंपरेला अनोळखी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथीत आणि चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पात्रे निर्जीव असतात; त्यांना वाणी देतो तो कथेकरी. परंतु कथेकरी प्रत्येक पात्राच्या तोंडी त्याचे स्वतःचे बोलणे घालतो, बाहुलीविषयी नुसते भाष्य करून थांबत नाही. नाथांच्या भारुडांतील 'मुका' तर याहून पुढे जातो : सोंग मुक्याचे आहे, पण ते प्रथमपुरुषात आपली व्यथा स्वतः सांगते. 'राजी'मध्ये देवतांचे बोलणे नायिकेला उंचीवर नेते हे खरे. त्याच वेळी तिच्या कृतीचा अर्थ तिच्याआधी दुसराच कोणी सांगून मोकळा होतो. भाऊ हरवलेल्या मुलीला काय वाटते, याहून देवांना तिच्याविषयी काय वाटते, हे खेळाडूला अधिक कळते. दृश्यसौंदर्यात संपन्न असलेल्या या खेळाची ही उणीव आहे. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजांची भर पडली. त्यामुळे भारतीय खेळाडूला कथेशी अधिक जवळीक वाटणे शक्य झाले. पण नायिकेच्या वतीने कोण बोलते, हा प्रश्न भाषा बदलल्याने सुटत नाही.

मराठीत बोलणारा नायक

येथवर उल्लेखिलेल्या कोणत्याही परदेशी खेळात नायक मराठी बोलत नाही. मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेसारख्या गावात एखादा विद्यार्थी असा खेळ खेळतो तेव्हा सवाक नायक त्याच्याशी इंग्रजीतून किंवा जपानीतून बोलतो. मूक नायकाची वाक्येही इंग्रजीतच लिहिलेली असतात. परंतु ती उच्चारली जात नसल्यामुळे खेळाडू ती मनातल्या मनात आपल्या भाषेत म्हणू शकतो. मूक नायकाच्या बाजूने जे समर्थन केले जाते, त्याला मराठी खेळाडूच्या संदर्भात असे अधिकचे वजन प्राप्त होते. परभाषेतील खेळात मौन हीच काय ती स्वभाषेला उरलेली जागा.

पण उद्या असा खेळ मराठीत लिहावयाचा झाला तर? इंग्रजीतील प्रथमपुरुषी वाक्यातून बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. मराठीत 'मी जातो' आणि 'मी जाते', 'मी आलो' आणि 'मी आले' यांतून ते तत्काळ प्रकट होते. म्हणजे नायकाला ध्वनिमुद्रित आवाज नसला तरी लिखित मराठी वाक्य त्याचे लिंग ठरवून टाकते. मराठीत पूर्णतः अनिश्चित असा नायक लिहिणे सहजसाध्य नाही. तथापि भाषेने वाटाही ठेवल्या आहेत. 'मी जाईन' हा भविष्यकाळ, 'मी तलवार उचलली' हा कर्मणी प्रयोग, 'मला हे पटत नाही' ही चतुर्थीची रचना, 'मी काय करू?' हा प्रश्न, या सर्वांत बोलणाऱ्याचे लिंग उघड होत नाही. संकल्प, केलेले कृत्य, मत आणि शंका या खेळाच्या गाभ्याच्या गोष्टी मराठीत लिंगनिरपेक्षपणे सांगता येतात, हे लेखकांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

संबोधनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. इतर पात्रांनी नायकाला 'तू' म्हणावे की 'तुम्ही'? 'तू आलास' आणि 'तू आलीस' यांत लिंग आहे. 'तुम्ही आलात' यात नाही. परंतु 'तुम्ही' म्हणण्याने नायकाची सामाजिक पायरी ठरते. गावचा पाटील, सावकार, म्हातारी आजी आणि बरोबरीचा मित्र हे एकाच माणसाला एकाच सर्वनामाने हाक मारणार नाहीत. मूक नायकाविषयी सर्वाधिक माहिती इतरांच्या याच हाकेतून मिळते. त्यामुळे मराठीत कोरी पाटी संभवत नाही. नायक गप्प राहिला तरी गाव त्याची जागा सांगतेच.

उरतो बोलीचा प्रश्न. बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात मोडत असला तरी त्याला एका बाजूने खानदेश आणि दुसऱ्या बाजूने मराठवाडा लागून आहे. मोताळा तालुका तर जळगाव जिल्ह्याच्या सीमेवर आहे. येथील नायकाला आवाज द्यावयाचा तर तो 'का' म्हणेल की 'काहून'? 'जात आहे' म्हणेल की 'जाऊन राहिलो'? प्रमाण मराठी आवाज त्याला गावापासून तोडेल. वऱ्हाडी आवाज त्याला गावात रुजवील. पण रंगभूमीवर आणि पडद्यावर ही बोली पुष्कळदा विनोदापुरती वापरली गेल्यामुळे त्याच्या गंभीर बोलण्यावरही हसे होण्याची भीती राहील. ती भीती टाळण्यासाठी नायकाला मूक ठेवणे म्हणजे बोलीला पुन्हा एकदा गप्प बसविणे होय. अशा ठिकाणी आवाज देणेच योग्य.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. मूक आणि सवाक या कोटी नायकाच्या घडणीचे वर्णन करण्यास उपयुक्त असल्या तरी मूल्यमापनास अपुऱ्या आहेत. 'फॉलआउट ४'मधील नायक बोलतो, पण त्याच्या बोलण्याने निवड संकुचित होते. 'ड्रॅगन क्वेस्ट'मधील नायक बोलत नाही. त्याचा एक शब्द व्यर्थ जातो आणि दुसऱ्याने शेवट बदलतो. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये ही गोष्ट सर्वांत सुस्पष्टपणे दिसते. त्यातील काही पात्रे सोबती म्हणून भेटतात तेव्हा मोकळेपणाने बोलतात. खेळाडूने त्यांच्यापैकीच एखाद्याची भूमिका घेतली की संभाषणातील त्याची वाक्ये मूक होतात. तरीही खेळ दुबळा होत नाही, कारण निवडलेल्या प्रत्येक वाक्याची इतर पात्रे दखल घेतात आणि ते पुढेही लक्षात ठेवतात. आवाज काढून घेतला, ऐकणे कायम राहिले.

बेणारेच्या बाबतीत नेमके उलट घडले होते. तिला आवाज दिला गेला आणि ऐकणे काढून घेतले गेले. तिच्या शोकांतिकेचे मूळ तेथे आहे, आणि खेळांच्या समीक्षेला मराठी नाट्यसमीक्षा देऊ शकेल असे मोलाचे सूत्रही तेथेच आहे. महाविद्यालयांतील मराठीच्या विभागांनी व्हिडिओ गेमकडे केवळ व्यसन किंवा तंत्रज्ञान म्हणून पाहणे पुरेसे नाही. विद्यार्थी ज्या कथांमध्ये तासन् तास वावरतात, त्या कथांत त्यांच्या भाषेला श्रोता आहे की नाही, हा प्रश्न साहित्याच्या अध्यापकांचाच आहे. मराठीत उद्या लिहिला जाणारा नायक मूक असो वा बोलका. त्याच्या 'नाही' या शब्दाने खेळातील जग बदलले, तर ती भूमिका खऱ्या अर्थाने त्याची झाली असे म्हणता येईल.